महाड, महड आणि सव्वीस अक्षरे

रायगड जिल्ह्यात महाड आहे आणि महडही आहे. महाड म्हणजे सावित्रीकाठचे, चवदार तळ्याचे तालुक्याचे गाव. महड हे खोपोलीजवळचे, खालापूर तालुक्यातले, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे ठिकाण. दोहोंमध्ये शंभरएक किलोमीटरचे अंतर आहे. देवनागरीत फरक एका कान्याचा, पण तो पुरेसा आहे. पहिलीत शिकणारे मूलही त्यात चुकत नाही. रोमन लिपीत मात्र दोन्ही गावांचे स्पेलिंग एकच होते: एम, ए, एच, ए, डी. नकाशावर, तिकिटावर, कुरिअरच्या पाकिटावर तालुक्याचे नाव किंवा पिन कोड जोडल्याशिवाय यातले कोणते गाव हे कळायला मार्ग नाही.

महाड-पोलादपूर पट्ट्यातली आणखी काही नावे अशीच तपासून पाहावीत. तानाजी मालुसरे यांचे उमरठ परप्रांतातल्या वाचकाच्या तोंडी 'उमरथ' होते. जिजाऊंची समाधी असलेले पाचाड 'पचाद' होते. कशेडी घाटाचा 'कशेदी', आंबेनळीचा 'अंबेनाली' होतो. शेजारच्या माणगावचा ण तर रोमन पाटीवर उरतच नाही. चवदार तळ्यातले 'तळे' रोमनमध्ये लिहिले की 'गोष्ट' या अर्थाचा इंग्रजी शब्द समोर येतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत देशभरच्या बातम्यांत या गावाला कुठे 'तलिये', कुठे 'तालिये', तर कुठे 'तलई' म्हटले गेले. ज्या गावासाठी सारा देश हळहळत होता, त्याचे नावसुद्धा त्याला धड मिळाले नाही.

हे सारे किरकोळ आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा युक्तिवाद पालकसभेत, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात हमखास ऐकू येतो. इंग्रजीत अक्षरे सव्वीस. मराठीत बावन्न, त्यावर बाराखडी, जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या. म्हणून इंग्रजी सोपी आणि मराठी अवघड. शिवाय मोबाईलवर अर्धा महाराष्ट्र मराठी 'इंग्रजीतच' टाइप करतो. मग मराठी त्याच सव्वीस अक्षरांत लिहायला काय हरकत आहे?

हा विचार केवळ कट्ट्यावरचा नाही. सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात देशासाठी रोमन लिपीचा पुरस्कार केला होता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनीही भारतीय भाषांसाठी रोमन अक्षरांची योजना मांडली होती. २०१५ च्या जानेवारीत कादंबरीकार चेतन भगत यांनी हिंदी रोमनमध्ये लिहावी, असे जाहीर आवाहन केले. इतक्या मोठ्या माणसांनी मांडलेल्या मताला नुसती नाके मुरडून चालणार नाही. त्याचे उत्तर मुद्द्यांनीच द्यावे लागेल.

या युक्तिवादातली पहिली चूक मापाची आहे. त्यात एका पारड्यात लिपी ठेवलेली असते आणि दुसऱ्या पारड्यात भाषा. सव्वीस ही इंग्रजी भाषेची मोजणी नव्हे, ती अक्षरांची आहे. आणि ती अक्षरेही मुळात इंग्रजीची नाहीत. ती लॅटिनची, रोमची. इंग्रजीने ती उसनी घेतली, जशी फ्रेंचने, जर्मनने, पोलिशने घेतली. अक्षरे किती, यावरून भाषा सोपी की अवघड हे ठरवणे म्हणजे भांडी मोजून स्वयंपाकाची चव सांगण्यासारखे आहे.

मोजणी करायचीच, तर ती पुरी करावी. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला मोठी सव्वीस आणि छोटी सव्वीस, अशी बावन्न रूपे गिरवावी लागतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातील मराठी वर्णमालाही बावन्न वर्णांचीच आहे. पुढचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. इंग्रजीत साधारण चव्वेचाळीस ध्वनी मानले जातात आणि ते सव्वीस अक्षरांत कोंबायचे असतात. त्यामुळे एकेका अक्षरावर अनेक ध्वनींचा भार पडतो. ओ, यू, जी, एच हा चार अक्षरांचा गट एका शब्दात 'ओ', दुसऱ्यात 'ऊ', तिसऱ्यात 'अफ', चौथ्यात 'ऑफ' असा उच्चारला जातो. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला. त्यानंतर स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली आणि त्याच शतकांत इंग्रजीचे स्वर मात्र मोठ्या प्रमाणावर बदलले. लेखन मागे राहिले, बोलणे पुढे गेले. त्याचा भुर्दंड आज पोलादपूरच्या जिल्हा परिषद शाळेतले पोरही स्पेलिंग पाठ करून भरते आहे.

अक्षरे वाढवायची नाहीत म्हणून वाचवलेला खर्च असा हजारो शब्दांच्या पाठांतरात वसूल होतो. मराठी पोराला सुरुवातीची दोन वर्षे वेलांटी-उकार जड जातात, हे खरे. पण एकदा बाराखडी बसली की आयुष्यात कधी न पाहिलेला शब्दही ते वाचू शकते. इंग्रजीत पदवी घेतलेला माणूसही नवा शब्द दिसल्यावर त्याचा उच्चार शब्दकोशात पाहतो.

लिपी आणि भाषा यांतला फरक नेमका समजून घ्यायचा तर इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्समध्ये जावे. तिथली वेल्श भाषा रोमन अक्षरांतच लिहिली जाते. पण ती इंग्रजीची बोली नाही की बहीणही नाही. इंग्रजी जर्मानिक कुळातली, वेल्श केल्टिक कुळातली. तिची जवळची नाती ब्रेटन आणि कॉर्निश या भाषांशी. वेल्श लोक आपल्या देशाला 'कुम्री' म्हणतात. 'वेल्श' हे नाव इंग्रजांच्या पूर्वजांनी दिलेले आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'परका' असा आहे.

रोमन अक्षरे घेताना वेल्शने ती इंग्रजीच्या अटींवर घेतली नाहीत. वेल्श वर्णमालेत एकोणतीस अक्षरे आहेत. के, क्यू, व्ही, एक्स, झेड तिच्यात नाहीत. उलट दोन एल मिळून एक अक्षर, दोन डी मिळून एक अक्षर, सी-एच मिळून एक अक्षर, अशी आठ जोडअक्षरे आहेत. शब्दकोशात त्यांची जागा स्वतंत्र असते आणि शब्दकोड्यात ती एकाच चौकटीत बसतात. डब्ल्यू आणि वाय तिथे स्वर आहेत. एकच एफ लिहिला तर उच्चार 'व्ह', दोन लिहिले तर 'फ'. म्हणजे कागदावर दिसणारी अक्षरे इंग्रजीसारखी, पण त्यांचे मोल वेल्श भाषेने ठरवलेले. विल्यम मॉर्गनने १५८८ मध्ये सबंध बायबलचे वेल्श भाषांतर छापले आणि तेव्हापासून या लेखनाला भक्कम पाया मिळाला.

'सव्वीस अक्षरे म्हणजे सोपे' या दाव्याची कसोटीही वेल्समध्येच लागली. निक एलिस आणि मारी हूपर यांनी तिथल्या दोन प्रकारच्या शाळांतल्या मुलांची तुलना केली. मुले एकाच भागातली, साधारण सारख्या घरची, वाचन शिकू लागून दोन वर्षे झालेली. एका गटाचे वाचन वेल्शमधून, दुसऱ्याचे इंग्रजीतून. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वेल्श मुले आपल्या भाषेतला ६१ टक्के मजकूर अचूक वाचू शकत होती. इंग्रजी मुले ५२ टक्के. लिपी दोघांची एकच. फरक पडला तो लेखन आणि उच्चार यांतल्या इमानदारीमुळे. २००३ मध्ये फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या तेरा भाषांतल्या मुलांचे प्राथमिक वाचन तपासले, तेव्हा ते पक्के व्हायला इंग्रजी मुलांना इतर बहुतेकांच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो, असे आढळले. जी लेखनपद्धती तिच्या स्वतःच्या मुलांनाच इतकी जड जाते, ती सोपी म्हणून मराठीच्या गळ्यात घालण्याला काय आधार उरतो?

वेल्श दोन एलचा उच्चार जिभेच्या बाजूने हवा सोडून होतो. इंग्रजीत तो ध्वनीच नाही. त्यामुळे इंग्रजांनी 'ल्विड' या वेल्श नावाचे कधी 'लॉइड' केले, कधी 'फ्लॉइड'. शेक्सपिअरच्या नाटकातला फ्लुएलेन हा मुळातला ल्विवेलिन. मराठी वाचकाला यात ओळखीचे दुखणे दिसेल. 'टिळक' रोमनमध्ये गेले आणि तिथून हिंदीत 'तिलक' होऊन परत आले. कपाळावरचा टिळा आणि लोकमान्यांचे आडनाव यांत देशातल्या कोट्यवधी लोकांच्या लेखी आता भेद उरलेला नाही. ट गेला आणि ळही गेला.

रोमनमध्ये मराठी लिहिण्याचा प्रयोग नवा नाही. तो चारशे वर्षांपूर्वीच झाला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्सने कान उघडे ठेवून मराठी ऐकली होती. रोमन अक्षरांत ळ, ट, ड, ण नाहीत, हे त्याला दिसले तेव्हा त्याने अक्षर दुप्पट करण्याची युक्ती योजली: दोन एल म्हणजे ळ. वेल्शने आपल्या खास ध्वनीसाठी जे केले, तेच त्याने मराठीसाठी केले. म्हणजे रोमनमध्ये मराठी लिहिणारा पहिला मोठा लेखक, तोही जन्माने इंग्रज, सव्वीस अक्षरांवर भागवू शकला नव्हता.

आजच्या मोबाईलवरच्या रोमन मराठीत ही काळजी कुठे आहे? के, ए, एल एवढे लिहून संदेश धाडला की तो काल, काळ, कळ, कल यांपैकी काहीही असू शकतो. व्ही, ई, एल म्हणजे वेळ की वेल? एम, ए, एल म्हणजे माल, माळ, मळ की मल? घरच्या माणसाला संदर्भाने कळते, म्हणून काम चालते. पण ज्या लेखनाचा अर्थ फक्त ओळखीच्या माणसाला लागतो, त्यात पाठ्यपुस्तक, न्यायालयाचा निकाल किंवा औषधाच्या सूचना लिहिता येत नाहीत.

यावर रोमनचे समर्थक तुर्कस्तानचा दाखला देतात. केमाल आतातुर्कने १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून लॅटिन अक्षरे आणली, देश साक्षर झाला, मग मराठीनेच मागे का राहावे? दाखला खरा आहे, पण तो उलट बाजूने साक्ष देतो. तुर्की भाषेत आठ स्वर आहेत आणि ते दाखवायला अरबी लिपी अपुरी पडत होती. मराठीला देवनागरीत अशी अडचण नाही. तुर्कांनीही इंग्रजी सव्वीस जशीच्या तशी घेतली नाहीत. खाली शेपूट, वर टिंबे, टिंब नसलेला आय अशी स्वतःची चिन्हे घडवून त्यांनी एकोणतीस अक्षरांची वर्णमाला केली. मराठीने तसे करायचे ठरवले, तर ळ, ण, ठ, ढ, भ यांसाठी नवी चिन्हे लागतील, स्वरांवर रेघा लागतील, आणि सव्वीसचा आकडा पुन्हा पन्नाशीकडे जाईल. शिवाय इंग्रजी शाळेत त्याच अक्षरांचे दुसरे उच्चार शिकावे लागतील. ज्या सोपेपणासाठी हा सारा खटाटोप, तोच हातातून निसटेल.

याहून वजनदार आक्षेप मात्र महाडच्या दगडांतूनच पुढे येतो. मराठीने लिपी याआधीही बदलली आहे, मग आताच आडकाठी कशाला? महामार्गालगतच्या गांधारपाले लेण्यात काणभोअ व्हेणुपालित या राजकुमाराचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. पुढे शिवकाळात कारभाराची लिपी मोडी होती. ग्रंथ बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहिले जात. वरंधा घाटाजवळच्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे, आणि त्यातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसे काढावे याविषयीच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडीही सरकारी व्यवहारातून गेली. एवढे फेरे झाल्यावर आणखी एक फेरा झाला तर बिघडले कुठे?

बिघडते ते असे. ब्राह्मी, मोडी आणि बाळबोध यांची वळणे निराळी असली तरी घडण एकच आहे. व्यंजन, त्याला चिकटणारा स्वर, आणि कंठ्य-तालव्य-मूर्धन्य असा उच्चारस्थानांचा क्रम. अक्षरांचे अंगरखे बदलले, वर्णमाला तीच राहिली. म्हणून गांधारपाल्याच्या लेखातल्या 'लेण' या शब्दाचे आजचे लेणे आणि 'ओवरक' या शब्दाची आजची ओवरी, हे दोन्ही मराठी माणसाला अजून ओळखता येते. त्या लेखातला ण बाळबोधीतही ण आहे. रोमनमध्ये गेल्यावर तो न शी एक होतो.

उलटा दाखलाही याच तालुक्यातला आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. रायगडावरच्या राज्यकर्त्यांना बदल भाषेत हवा होता. लिपी मोडीच राहिली. भाषा वेगळी, लिपी वेगळी, हे भान तेव्हाच्या कारभाऱ्यांना होते.

आणि लिपी सुटल्याची किंमत मोडीनेच दाखवून दिली आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल कागद आहेत, पण ते वाचू शकणारी माणसे मोजकी. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. पणजोबांच्या नावाची नोंद दफ्तरात आहे, कागद हातात आहे, पण पणतूला तो वाचता येत नाही. जातीच्या दाखल्यासाठी, जमिनीच्या हक्कासाठी त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागते. ही गत दोन सख्ख्या लिपींतल्या बदलाने झाली. देवनागरीतून रोमनमध्ये गेलेली पिढी सातबारा, फेरफार, तुकाराम आणि शाळेचा दाखला या सर्वांना एकदम मुकेल.

लिपी म्हणजेच भाषा, या गैरसमजाचे दुसरे टोकही तितकेच घातक आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचे शासन निर्णय निघाले, तेव्हा 'लिपी तर एकच आहे, मुलांना जड काय जाणार' असे अनेकांनी सांगितले. विरोध वाढला आणि २९ जूनला ते निर्णय मागे घ्यावे लागले. लिपी एक असल्याने भाषा सोपी होत असती, तर इंग्रजी येणाऱ्याला वेल्श आपोआप आली असती. उलट एकाच लिपीतले दोन अर्थ लहान मुलाला जास्त गोंधळात टाकतात. 'शिक्षा' म्हणजे मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. 'चेष्टा' म्हणजे मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. हिंदीविषयी आकस न धरताही एवढे म्हणता येते की समान लिपी हे तिच्या बाजूचे प्रमाण होऊ शकत नाही.

आता एक मुद्दा, जो इतर सगळ्यांहून गंभीर आहे. देवनागरी ही वरच्या वर्णांनी राखून ठेवलेली लिपी होती, बहुजनांना तिने शतकानुशतके बाहेर ठेवले आणि इंग्रजीनेच दार उघडले, असे म्हटले जाते. अक्षरबंदीचा इतिहास खरा आहे; तो नाकारणे म्हणजे लबाडी होईल. पण या प्रश्नाचे उत्तर महाडनेच दिले आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी इथे परिषद भरली, हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाणी ओंजळीत घेतले. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, त्यांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. त्याआधी १९२० मध्ये 'मूकनायक' काढले होते. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आणि 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' त्यांनी इंग्रजीत लिहिले, कारण ते जगाशी आणि राज्यकर्त्यांशी बोलणे होते. आपल्या माणसांशी बोलायला त्यांनी मराठी घेतली, आणि तीही देवनागरीत. ज्या अक्षरांपासून दूर ठेवले गेले, ती अक्षरे त्यांनी सोडून दिली नाहीत. त्यांवर हक्क सांगितला, जसा तळ्याच्या पाण्यावर सांगितला. इंग्रजी उत्तम शिकावी, हा त्यांच्या आयुष्याचा स्पष्ट धडा आहे. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावी, असा त्यातून अर्थ काढता येत नाही.

इंग्रजी शिकण्याला इथे कोणाचा विरोध नाही. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीलाच इंग्रजी शिकवतात. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करायची, मुंबई-पुण्यात शिकायचे, परदेशी जायचे, तर ती यायलाच हवी. वेल्समध्येही वेल्श बोलणारी जवळपास प्रत्येक प्रौढ व्यक्ती इंग्रजी बोलते. पण एकोणिसाव्या शतकात तिथल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात 'वेल्श नॉट' नावाची लाकडी पाटी अडकवत. त्या अपमानानंतरही ती भाषा टिकली. १९६७ च्या आणि १९९३ च्या कायद्यांनी तिला हक्क मिळवून दिले, १९८२ मध्ये तिची दूरचित्रवाहिनी आली, २०११ मध्ये तिला अधिकृत दर्जा मिळाला. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श येते असे सांगितले. एवढी माणसे एका रायगड जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या निम्मीही भरत नाहीत. तरीही त्यांनी गावांची नावे आपल्या लेखनाप्रमाणे सुधारून घेतली: इंग्रजी वळणाने शेवटी वाय लिहिलेले लानेल्ली आता आय लिहून संपते, 'कॉनवे'चे पुन्हा 'कॉन्वी' झाले. २०२२ मध्ये 'स्नोडोनिया' राष्ट्रीय उद्यानाने 'एरिरी' हे मूळ वेल्श नाव वापरण्याचा निर्णय घेतला.

देवनागरी परिपूर्ण आहे, असे मात्र कोणी समजू नये. 'चार' आणि 'चारा' यांतले च वेगळे, 'जीव' आणि 'जर' यांतले ज वेगळे, पण लिहिताना अक्षर एकच. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम शिक्षकांनाही छळतात. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली होती. सुधारणेला जागा पुष्कळ आहे. पण ही लिपी सुधारू शकते, हेच तिचे बळ आहे. इंग्रजी 'बॅट' आणि 'बॉल' यांतले स्वर मराठीत नव्हते. त्यांच्यासाठी अर्धचंद्र आला आणि २००९ च्या निर्णयाने ॲ व ऑ वर्णमालेत रीतसर बसले. मराठीने इंग्रजीच्या दोन स्वरांना आपल्या घरात जागा दिली. ळ ला इंग्रजीने अजून उंबऱ्यावरही घेतलेले नाही.

उरला मोबाईलचा प्रश्न. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, म्हणजे पहिल्याच आवृत्तीपासून आहे. आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये मराठी कळफलक आहे, बोलून टाइप करण्याची सोय आहे, रोमनमध्ये टाइप केले तरी पडद्यावर देवनागरी उमटवणारी साधने फुकट मिळतात. सवय होईपर्यंत पंधरा-वीस दिवस बोट अडखळते. तेवढ्यासाठी एका भाषेची लिपी मोडीत काढणे परवडणार नाही.

रोमनमध्ये नावे लिहावीच लागणार. परप्रांतातले वाहनचालक, रेल्वे, नकाशे, पासपोर्ट यांना ती हवीत. मग ती नियमाने तरी लिहावीत. हे काम अवघड नाही, कारण ते एकदा झालेले आहे. १८८३ मध्ये इंग्रज सरकारने कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर छापले. तेव्हा त्यातल्या गावांच्या रोमन नावांत दीर्घ आ साठी ए या अक्षरावर तिरपी रेघ दिली जात होती. जिल्ह्याचे नावही मुखपृष्ठावर तशाच रेघेसह छापले गेले. परक्या राज्यकर्त्यांना कान्याची किंमत कळली होती. स्वातंत्र्यानंतर ती रेघ पुसली गेली. १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले, आणि २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत त्याचेही स्पेलिंग छत्तीसगडमधल्या रायगढसारखेच छापले गेले.

ती रेघ परत आणावी. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी आपापल्या गावांची, वाड्यांची, घाटांची नावे देवनागरीत नक्की करून द्यावीत. महसूल खात्याने त्यावरून एकाच नियमाने रोमन रूपे ठरवावीत: दीर्घ आ वर रेघ, ळ-ठ-ण-ड खाली टिंब. महामार्ग, एस.टी. आणि रेल्वे यांनी तीच पाळावीत. मग सावित्रीच्या पुलाकडे येणाऱ्या ट्रकचालकाला आणि वरदविनायकाला निघालेल्या भाविकाला एकाच स्पेलिंगच्या दोन पाट्या वाचाव्या लागणार नाहीत.